स्टॉपेज पिस्तुलाचं की राऊंडचं, आधी ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ एमएमचं मेटल फ्रेमचं हॅमरवालं (मागची हातोडी पडून मारणारं) पिस्तूल, आयपीएससी या वेगाच्या आणि अचूकतेच्या नेमबाजी खेळातल्या प्रोडक्शन गटासाठी, ट्रिगर हलका व्हावा म्हणून हॅमर स्प्रिंग बदलली, झटका कमी वाटावा म्हणून रिकॉईल स्प्रिंगही (वरच्या सरकत्या भागाला, म्हणजे स्लाईडला, पुढे ढकलणारी) हलकी टाकली, आणि त्याच सुमारास घरी प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे वापरलेल्या केसमध्ये नवा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि बुलेट टप्प्याटप्प्याने घालणाऱ्या यंत्रावर, राऊंड भरायला सुरुवात केली. प्रॅक्टिसला सगळं छान, पण मॅचमध्ये दर वेळी दोनतीन स्टॉपेज, म्हणजे पिस्तूल मध्येच अडकणं, कधी स्लाईड शेवटचे एकदोन मिलीमीटर बंदच होत नाही, कधी नुसतं क्लिक होतं आणि तोच राऊंड दुसऱ्यांदा मारला की फुटतो. आता ट्रिगर जॉब करून घेऊ का आणि प्रेस बदलू का, असं विचारलंय.

दोन्ही नको. निदान आत्ता नको. तुम्ही एकदम तीन गोष्टी बदलल्यात आणि आता कशाने काय होतंय ते कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही, त्यामुळे आधी मागे जाऊन एकेक गोष्ट वेगळी करावी लागेल. माझा अनुभव असा की लोक ट्यूनिंग उलट्या टोकाने सुरू करतात, आधी ट्रिगर, मग स्प्रिंगा, मग राऊंड, आणि मॅगझिनकडे बघायची वेळ सगळ्यात शेवटी येते, खरा क्रम बरोबर उलटा आहे. फॅक्टरीतून आलेलं पिस्तूल कुठलाही राऊंड, कुठल्याही हवेत, घाण असताना चालावं म्हणून बनवलेलं असतं, त्यात सगळीकडे थोडी थोडी जास्तीची ताकद ठेवलेली असते. ट्यूनिंग म्हणजे ती जास्तीची ताकद काढून घेणं. काढा, पण मग राऊंड तितकाच नेमका हवा, कारण आता चूक पोटात घालायला पिस्तुलाकडे काही शिल्लक नाही.

पहिली गोष्ट, जो राऊंड अडकला तो फेकू नका. मॅचमध्ये तुम्ही टॅप-रॅक करून (मॅगझिनवर थाप मारून, स्लाईड खेचून सोडून) पुढे जाल, जायलाच पाहिजे, पण स्टेज संपल्यावर रेंज ऑफिसरला विचारून तो राऊंड शोधा आणि वेगळ्या खिशात ठेवा. एक अडकलेला राऊंड तुम्हाला जेवढं सांगतो तेवढं शंभर चाललेले राऊंड सांगत नाहीत. आणि मॅगझिनांवर मार्करने नंबर टाका, आजच टाका. प्रत्येक स्टॉपेजला मॅगझिन कुठलं होतं, मॅगझिनमधला पहिला राऊंड होता, मधला की शेवटचा, एवढं लिहून ठेवा. पाचपैकी एकाच मॅगझिनने त्रास दिलाय असं निघालं तर बाकी काही वाचायची गरजच नाही, त्याची स्प्रिंग बदला, फीड लिप्स (मॅगझिनच्या तोंडाच्या कडा) उरलेल्या मॅगझिनांशी कॅलिपरने ताडून बघा, आतून धूळ काढा. त्रास पहिल्या राऊंडला असेल तर मॅगझिन ठासून भरलंय, वरचा राऊंड स्लाईडला खूप जोरात घासतोय आणि हलक्या रिकॉईल स्प्रिंगला तो ढकलणं जड जातंय, एक राऊंड कमी भरून बघा. शेवटच्या एकदोन राऊंडना असेल तर मॅगझिनची स्प्रिंग मेली आहे, राऊंड वर यायच्या आत स्लाईड पुढे निघून जाते किंवा राऊंडचं नाक खाली जातं. प्रॅक्टिसला जी मॅगझिन वाळूत पडतात तीच मॅचला नेऊ नका, दोन सेट ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

आता स्लाईड बंद न होण्याबद्दल. पिस्तूल पूर्ण रिकामं करा, दोनदा बघा, नळी बाहेर काढा, चेंबर (नळीत राऊंड बसतो ती जागा) ब्रशने साफ करा. मग तो अडकलेला राऊंड नळीत वरून सोडा. सुट्टा पडला पाहिजे, टक्क असा आवाज आला पाहिजे, बोटाने फिरवला तर फिरला पाहिजे आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर आला पाहिजे. हे सगळं झालं तर राऊंड बहुतेक निर्दोष, दोष मॅगझिनमध्ये, स्प्रिंगमध्ये किंवा एक्स्ट्रॅक्टरमध्ये (केस ओढून काढणाऱ्या आकड्यात) शोधा. नाही झालं तर दोष राऊंडचा, आणि कुठे आहे तेही लगेच कळतं. तोच राऊंड काळ्या मार्करने पूर्ण रंगवा, नळीत ढकला, थोडा फिरवा, काढा आणि बघा रंग कुठे खरवडला गेलाय.

बुलेटच्या गोलाईवर खरवडला असेल तर राऊंड लांब आहे, बुलेट नळीच्या रायफलिंगला (आतल्या पीळदार खाचांना) जाऊन टेकतेय. केसच्या तोंडापाशी असेल तर बेल केलेलं (बुलेट बसावी म्हणून जरा उघडलेलं) तोंड नीट बंद झालेलं नाही. तोंडाच्या खाली एकाच बाजूला फुगवटा दिसत असेल तर बुलेट तिरकी बसलीय. आणि बुडाकडे, एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेच्या जरा वर असेल तर ब्रास, म्हणजे पितळेची केस, नीट साईझ झालेलं (दाबून मापात आलेलं) नाही, बहुधा ते आधी कुठल्यातरी सैल चेंबरच्या पिस्तुलातून उडालेलं असतं आणि साईझिंग डाय (मापात दाबणारा साचा) शेलप्लेटपर्यंत, म्हणजे केस धरणाऱ्या तबकडीपर्यंत, पूर्ण खाली येत नाही म्हणून तिथे कडं राहून जातं. चारही गोष्टींचे इलाज वेगवेगळे आहेत आणि लोक मात्र चारही वेळा एकच करतात, क्रिम्प (केसच्या तोंडाला दिलेला शेवटचा दाब) आवळतात!

लांबीचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नऊ एमएमची स्टँडर्डप्रमाणे जास्तीत जास्त लांबी २९.६९ मिलीमीटर, म्हणजे १.१६९ इंच. पण ती मॅगझिन आणि स्टँडर्ड चेंबरसाठीची कमाल मर्यादा आहे, तुमच्या बुलेटसाठीची लांबी नाही. तुमची लांबी तुमची नळी आणि तुमच्या बुलेटचा आकार मिळून ठरवतात. काही पिस्तुलांचा थ्रोट (चेंबरपासून रायफलिंगपर्यंतची जागा) आखूड असतो, सीझेडच्या पिस्तुलांची त्याबद्दल ख्यातीच आहे, तिथे जाड खांद्याची कोटेड (लेप दिलेली शिशाची) १४७ ग्रेन बुलेट दुसऱ्याच्या पिस्तुलात ज्या लांबीला मजेत चालते त्या लांबीला अडकतेच. म्हणून इंटरनेटवरची लांबी उचलू नका. एका रिकाम्या साईझ केलेल्या केसमध्ये, प्रायमर नाही पावडर नाही, बुलेट मुद्दाम लांब बसवा, नळीत टाका, अडकली की सीटिंग डाय (बुलेट आत बसवणारी) थोडी खाली घ्या, परत टाका, असं करत जिथे ती सुट्टी फिरायला लागते ती तुमची कमाल. तिथून अजून पाव ते अर्धा मिलीमीटर आत घ्या, म्हणजे बुलेटमधला आणि सीटिंगमधला फरक त्यात मावेल.

पण इथे एक धोका आहे आणि तो हलक्यात घेऊ नका. नऊ एमएमची केस छोटी, तिच्यात मोकळी जागा आधीच कमी, बुलेट आत गेली की ती जागा अजून कमी होते आणि प्रेशर झपाट्याने वाढतं. सामी या अमेरिकन मानक संस्थेची मर्यादा ३५,००० पीएसआय आहे, सीआयपी या आंतरराष्ट्रीय संस्थेची २,३५० बार, आणि फास्ट पावडर, जड बुलेट असं कॉम्बिनेशन असेल तर मिलीमीटरच्या अंशाने लांबी कमी केली तरी तुम्ही तिथे पोचू शकता. त्यामुळे लांबी कमी केली की लोड पुन्हा खालून सुरू करायचा. पावडर उत्पादकाच्या छापील डेटामधला स्टार्टिंग चार्ज (सुरुवातीचं पावडरचं वजन) घ्या आणि तिथून चढत या, त्या डेटामधली लांबी तुमच्यापेक्षा जास्त असेल तर अजून जपून. मी इथे कुठलाही चार्ज लिहीत नाही, विचारू पण नका, कुणाच्या सांगण्यावरून ग्रेन टाकायचे नसतात. आणि तुमच्या देशात घरी भरायला परवानगी लागते का, पावडर प्रायमर किती साठवता येतात, हे कायदे जागोजागी वेगळे आहेत, ते आधी बघून घ्या.

क्रिम्प. नऊ एमएमचा राऊंड चेंबरमध्ये केसच्या तोंडावर टेकतो, तोंड हाच त्याचा स्टॉप आहे, म्हणून इथे रोल क्रिम्प (तोंड आत वळवणारा) चालत नाही, टेपर क्रिम्प लागतो आणि त्याचं काम फक्त बेल केलेलं तोंड परत सरळ करणं एवढंच. हिशोब सोपा आहे, ९.०२ मिलीमीटरची जॅकेटेड बुलेट, तोंडापाशी केसची भिंत साधारण ०.२८ एका बाजूला, दोन बाजू मिळून ०.५६, म्हणजे तोंडापाशी ९.५८ च्या आसपास आलं पाहिजे. कोटेड बुलेट ९.०४ ची असते, तिथे ९.६० येईल. स्टँडर्डची कमाल ९.६५. यापेक्षा खूप आवळलं तर कोटिंग कापलं जातं, ॲक्युरसी जाते, नळीत शिसं चढतं, आणि गंमत म्हणजे पकड वाढण्याऐवजी कमी होते, कारण पितळ थोडं मागे उसळतं आणि शिसं उसळत नाही, राऊंड आतून सैल होतो. बुलेटला धरून ठेवतो तो साईझ केलेल्या केसचा ताण, क्रिम्प नाही. तपासायचं असेल तर एक डमी राऊंड बेंचच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबा, आधी आणि नंतर लांबी मोजा, बुलेट आत सरकली तर ताण कमी आहे. मग एक्स्पांडर (केसचं तोंड रुंद करणारा भाग) खूप मोठा आहे का, ब्रास पातळ भिंतीचं आहे का ते बघा, गरज पडली तर अंडरसाईझ डाय घ्या. काही ब्रासमध्ये आत एक पायरी असते, ते डोळ्यांनी दिसतं, ते सरळ वेगळं काढून टाका.

बुलेट कापून निघालेली शिशाची किंवा कोटिंगची बारीक कडी पण स्लाईड अडवते. केसच्या तोंडाभोवती अशी कडी दिसली तर बेल थोडी वाढवा, आणि सीटिंग आणि क्रिम्प एकाच डायमध्ये करत असाल तर दोन वेगळ्या स्टेशनला करा, कारण एकाच वेळी करताना बुलेट अजून खाली जात असते आणि तोंड तिच्या अंगात घुसायला लागलेलं असतं.

आता क्लिक. दुसऱ्यांदा मारल्यावर फुटतो ही खूण फार बोलकी आहे. प्रायमर केसच्या बुडातल्या खिशाच्या तळापर्यंत बसलेला नसेल तर पहिल्या फटक्याची ताकद त्याला आत ढकलण्यात जाते, दुसऱ्या फटक्याला त्याचे ॲन्व्हिलचे (आतल्या ऐरणीचे) पाय तळाला टेकलेले असतात आणि तो फुटतो. भरलेला राऊंड टेबलावर बुडावर उभा करा, डुगडुगला तर प्रायमर वर आहे. बोटाने फिरवून बघा, केसच्या बुडापेक्षा जरासा आत लागला पाहिजे, ०.०८ ते ०.१३ मिलीमीटर आत असला की ठीक, म्हणजे तीन ते पाच हजारांश इंच. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर हॅण्डल पुढे ढकलताना शेवटचा दाब बरेच जण देतच नाहीत, हात नुसता फिरत असतो. तो दाब जाणवला पाहिजे, रोज त्याच हाताने, त्याच जोराने. वर राहिलेला प्रायमर नुसता क्लिकचा प्रश्न नाही, स्लाईड आपटताना किंवा शेलप्लेट फिरताना तो कुठेही घासला जाऊ शकतो.

प्रायमर नीट आत असूनही क्लिक होतंय तर प्रायमरवर फायरिंग पिनने पडलेला खड्डा बघा. खड्डा उथळ असेल तर फटका कमी पडतोय. खड्डा खोल आहे आणि तरी फुटला नाही तर प्रायमर खराब आहे, त्याला तेल किंवा ओलावा लागलाय, किंवा ब्रास ओलं धुऊन नीट वाळवलेलं नाही. तुमच्या बाबतीत मला उथळ खड्डा दिसेल असं वाटतंय, कारण हॅमर स्प्रिंग हलकी आणि प्रायमर कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. प्रायमरच्या कपाचा कडकपणा ब्रँडप्रमाणे बदलतो, फेडरलचा मऊ मानला जातो, सीसीआयचा कडक, आणि हलक्या स्प्रिंगवाले सगळे मऊ प्रायमरच्या मागे असतात ते याचमुळे. मऊ प्रायमर कायम मिळेल याची खात्री असेल तर स्प्रिंग हलकी ठेवा, नाहीतर जो प्रायमर तुम्हाला नेहमी मिळतो त्यातल्या सगळ्यात कडक प्रायमरवर स्प्रिंग ठरवा. ट्रिगरचे दोनशे ग्रॅम वाचवून एका स्टेजला एक क्लिक घेतलंत तर तो सौदा कुठल्याच हिशोबात बसत नाही.

अजून एक, हे लोकांच्या लक्षात येत नाही, तुमचे दोन्ही दोष एकच असू शकतात. स्लाईड केसाएवढी उघडी राहिली आणि हॅमर पडला तर फटक्यातली काही ताकद स्लाईड बंद करण्यात जाते, प्रायमरवर हलकाच खड्डा पडतो, आणि दुसऱ्या वेळी स्लाईड बंद झालेली असल्यामुळे राऊंड फुटतो. म्हणजे दिसतंय क्लिक आणि दोष आहे जाड राऊंडचा! म्हणून आधी नळीत टाकून तपासायचं आणि मगच स्प्रिंगकडे जायचं.

स्प्रिंगांबद्दल आता. रिकॉईल स्प्रिंग लोडप्रमाणे ठरते, मूडप्रमाणे नाही. पॉवर फॅक्टर म्हणजे बुलेटचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग भागिले हजार, मायनरला (कमी ताकदीच्या राऊंडचा वर्ग, प्रोडक्शन त्यातच मोजतात) १२५ लागतो. १४७ ग्रेनची बुलेट ८९० ने गेली तर १३०.८, १२४ ग्रेनची १,०५५ ने गेली तरी तेवढाच, कागदावर दोन्ही सारखे पण हातात दोन वेगळी पिस्तुलं वाटतात, जड बुलेटला स्लाईड संथ आणि झटका ढकलल्यासारखा, हलकीला झटपट आणि तीक्ष्ण. १३० च्या मऊ लोडला फॅक्टरीची जड स्प्रिंग असेल तर रिकामी केस बाहेर पडत नाही, म्हणून लोक हलकी टाकतात, बरोबरच आहे. पण खूप हलकी झाली की पुढे येताना राऊंड मॅगझिनमधून सोलून चेंबरमध्ये ढकलायला तिच्यात दम उरत नाही. शिवाय हॅमरवाल्या पिस्तुलात स्लाईड मागे जाताना हॅमरही कॉक करते, म्हणजे हॅमर स्प्रिंगसुद्धा स्लाईडला अडवत असते. तुम्ही ती हलकी केलीत तेव्हाच स्लाईड मागे जायला सोपी झाली होती, वर रिकॉईल स्प्रिंगही हलकी केलीत, म्हणजे ब्रेक दोनदा काढलात, आता स्लाईड मागे जोरात आपटते आणि पुढे येताना सुस्त असते.

करायचं काय, तर रिकॉईल स्प्रिंग एक पायरी जड टाका, हॅमर स्प्रिंग आहे तीच ठेवा, आणि त्याच मॅगझिनने त्याच राऊंडने शूट करा. केस कुठे पडतात ते बघा. पायाशी पडत असतील तर स्प्रिंग जड किंवा लोड कमी, फार लांब उडत असतील तर उलट, दीडदोन मीटरवर एका ढिगात पडत असतील तर साधारण जमलंय. एका हाताने, सैल मनगटाने, डाव्या हाताने पण चालवून बघा, मॅचमध्ये स्टेजवाले तेच करायला लावतात. स्ट्रायकरवाल्या (हॅमरऐवजी आतली स्प्रिंगवाली पिन मारणाऱ्या) पिस्तुलात अजून एक साधी तपासणी आहे, रिकामं पिस्तूल सुरक्षित दिशेने नाक वर करून हळू ट्रिगर दाबायचा, स्लाईड मागे सरकून उघडायला लागली तर रिकॉईल स्प्रिंग स्ट्रायकर स्प्रिंगपुढे कमजोर आहे. तुमचं हॅमरवालं आहे म्हणून तुम्हाला ती लागू नाही, दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल.

रिकॉईल स्प्रिंग दर तीन ते पाच हजार राऊंडला बदलावी, नवीन आणली की जुनीच्या शेजारी ठेवून लांबी बघा, फरक डोळ्यांनी कळतो. एक्स्ट्रॅक्टरखाली कार्बन साठून पितळेच्या चिमूटभर कीसाबरोबर घट्ट गोळा होतो, तो टूथपिकने काढा. तेल रेल्सवर, नळीच्या वरच्या कुबडावर, लॉकिंग लग्सवर, बस. चेंबरमध्ये तेल नको, फायरिंग पिनच्या भोकात अजिबात नको, तिथे ते थंडीत घट्ट होऊन फटका खातं.

क्रोनोग्राफशिवाय (बुलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्राशिवाय) हे सगळं अंधारात आहे. लेव्हल तीनच्या, म्हणजे मोठ्या मॅचला तुमचे राऊंड काढून घेतात, एक बुलेट उपटून तराजूवर ठेवतात, बाकीच्यांतले काही तुमच्याच पिस्तुलातून मारतात, आणि १२५ च्या खाली गेलात तर ती मॅच बिनस्कोअर. १४७ ला १२५ म्हणजे साधारण ८५० फूट प्रति सेकंद, तुम्ही सरासरी ८९० ठेवली तर चाळीस फुटांची गादी आहे आणि ती पुरेशी आहे. १२६ वर चालवणारे शूर लोक मी बघितलेत, सकाळी गार हवेत त्यांचे चेहरेही बघितलेत. पावडर तापमानाने बदलते, आणि केस अर्धी रिकामी असेल तर पावडर पुढे आहे की मागे यानेही वेग बदलतो. म्हणून एकदा नाक खाली करून हळू वर आणून मारा, एकदा नाक वर करून खाली आणून मारा, दोन्ही गट वेगळे लिहा. फरक मोठा आला तर जरा फुगीर पावडर निवडा.

फुगीर पावडरचा दुसरा फायदा सुरक्षिततेचा. टाईटग्रुपसारखी दाट, फास्ट पावडर केसच्या तळाशी एवढीशी दिसते, दुप्पट पडली तरी केसमध्ये मावते. फुगीर पावडर दुप्पट पडली तर सांडते, दिसते. नवीन माणसाने फुगीर पावडरवरच शिकावं असं माझं मत आहे, पैसे थोडे जास्त जातात, जाऊ देत. प्रेसवर केस दिसेल असा दिवा लावा, बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोळा गेला पाहिजे. डबल चार्ज सुरळीत चालू असताना सहसा पडत नाही, पडतो तो काहीतरी अडकल्यावर, प्रायमर उलटा बसला, केस वाकडी झाली, तुम्ही हॅण्डल अर्ध्यात मागे घेतलं आणि मग कुठे होतो ते विसरलात तेव्हा. अशा वेळी विचार करत बसायचं नाही, शेलप्लेटवरच्या सगळ्या पावडरवाल्या केस काढून पावडर परत ओतायची आणि पुन्हा सुरू. बेंचवर एका वेळी एकच पावडरचा डबा. फोन दुसऱ्या खोलीत.

पावडर पडलीच नाही तर उलटा धोका. नुसत्या प्रायमरच्या ताकदीने बुलेट नळीत जाऊन अडकते, आणि तिच्यामागून पुढचा राऊंड मारला तर नळी फुगते किंवा फुटते. इथे टॅप-रॅकची सवय अंगावर येते, म्हणून फरक कानात बसवून घ्या. नुसतं हॅमरचं क्लिक, झटका नाही, स्फोटाचा आवाज नाही, तर मॅचमध्ये टॅप-रॅक. फुस्स असा बारीक आवाज, किंवा झटका नेहमीपेक्षा वेगळा, तर थांबा, ट्रिगरवरून बोट बाहेर, स्टेज गेली तर गेली. पिस्तूल रिकामं करून नळी बघितल्याशिवाय पुढे नाही. प्रॅक्टिसला तर क्लिकनंतरही नाक सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबायची शिस्त ठेवा, उशिरा फुटणारे प्रायमर क्वचित असतात, पण असतात.

तुम्ही लिहिलंय की प्रॅक्टिसला दोनशे राऊंड विनास्टॉपेज गेले म्हणजे आता ठीक आहे. नाही हो. आकडेशास्त्रात एक ढोबळ नियम आहे, तीनशे राऊंडमध्ये एकही दोष आला नाही तर पंच्याण्णव टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दोषाचं प्रमाण एक टक्क्यापेक्षा जास्त नाही. एक टक्का म्हणजे तीनशे राऊंडच्या मॅचला सरासरी तीन स्टॉपेज! दोनशेवरून तर दीड टक्क्याची मर्यादा मिळते. त्यामुळे लोड आणि स्प्रिंग ठरली की मग काहीही न बदलता हजारभर राऊंड जाऊ द्या, घाण होऊ द्या, मध्ये साफ करू नका, मग विश्वास ठेवा. आणि मॅचचे राऊंड सगळेच्या सगळे चेंबर गेजमधून (चेंबरच्या मापाच्या भोकांच्या ठोकळ्यातून) काढा, शंभर राऊंडचे गेज मिळतात, पंधरा मिनिटांचं काम आहे. गेजमध्ये न बसलेले राऊंड नळीत टाकून बघा, नळीत सुटे पडले तर ते प्रॅक्टिसच्या डब्यात, नाही पडले तर बुलेट उपटायच्या डब्यात. गेजमध्ये बुडं वर दिसतात, उंच प्रायमर आणि उलटा बसलेला प्रायमर तिथेच बोट फिरवून सापडतो.

रायफलवाल्यांनीही विचारलंय म्हणून दोन शब्द. बाटलीच्या आकाराच्या केसला साईझिंगमध्ये खांदा किती मागे ढकलता हे महत्त्वाचं, बोल्ट ॲक्शनला चेंबरमधून निघालेल्या केसपेक्षा एकदोन हजारांश इंच, सेमी ऑटोला तीनचार. जास्त ढकलला तर केस दर वेळी ताणली जाते आणि बुडाच्या वर चकचकीत कडं दिसायला लागतं, तिथून ती तुटते, वाकवलेली पेपर क्लिप आत फिरवली तर खाच हाताला लागते. पॉइंट टू टू वाल्यांना हे काहीच लागत नाही, रिमफायर (ज्याचा पेटवणारा मसाला केसच्या कडेतच असतो) परत भरता येत नाही, त्यांचं सगळं ट्यूनिंग लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेला माल) शोधण्यात आहे, एकाच डब्यावरचे वेगवेगळे लॉट नळीत क्लॅम्पवर मारून बघायचे आणि जो घट्ट गट देतो तो जमेल तेवढा घेऊन ठेवायचा. पन्नास मीटर रायफलला दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं आहे, तिथे लॉटचा फरक सरळ स्कोअरमध्ये दिसतो. आणि पाच राऊंडच्या एका गटावरून कुणी लोड निवडू नये, पिस्तूल असो की रायफल.

ट्रिगर राहिला. सिअरला (हॅमर अडवून धरणाऱ्या भागाला) स्वतः दगड लावू नका. पृष्ठभागावरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की आतलं मऊ लोखंड झिजतं, कोन बिघडला की हॅमर आपोआप पडायला लागतो. हे ज्याच्याकडे जिग आहे त्या गनस्मिथचं काम. स्प्रिंग किंवा कुठलाही ट्रिगर पार्ट बदललात की मात्र तपासण्या तुम्हीच करायच्या, पिस्तूल रिकामं, खोलीत राऊंड नाहीत, नाक सुरक्षित दिशेला, चेंबरमध्ये स्नॅप कॅप (नकली राऊंड). हॅमर कॉक करून अंगठ्याने पुढे ढकला, पडता कामा नये. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात दाबा, सोडा, सेफ्टी काढा, हॅमर जागचा हलता कामा नये. स्लाईड मागे खेचून सोडा, ट्रिगर दाबून धरलेला असतानाही, हॅमर स्लाईडमागून खाली आला तर ते पिस्तूल रेंजवर न्यायचं नाही. ट्रिगरच्या किमान वजनाचा नियम प्रत्येक डिव्हिजनला वेगळा असतो, स्प्रिंग विकत घ्यायच्या आधी चालू नियमपुस्तक उघडा.

तर या आठवड्यात एवढंच करा. अडकलेले राऊंड नळीत टाकून मार्करची खूण बघा, प्रायमरची उंची तपासा, मॅगझिनांना नंबर टाका, रिकॉईल स्प्रिंग एक पायरी जड. हॅमर स्प्रिंगला हात लावू नका, पण पुढची जड स्प्रिंग बॅगेत ठेवा, मॅचच्या आदल्या दिवशी एकही क्लिक झालं तर ती टाका आणि त्याच ट्रिगरने थोडं ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाने सराव) करून घ्या. राऊंडवर खरवड कुठे निघाली आणि प्रायमर कुठला वापरताय ते कळवा, मग पुढचं सांगतो.